अभिप्रायार्थ सादर

आमच्या ऑफिसात येणारा प्रत्येक कागद आधी माझ्या टेबलावर येतो. मी आवक-जावक विभागाचा प्रमुख आहे. मी शिक्का मारतो, नोंदवहीत क्रमांक टाकतो, आणि त्यानंतरच तो कागद साहेबांपर्यंत पोहोचण्याच्या लायकीचा होतो. त्यामुळे गेल्या एकतीस वर्षांत या इमारतीतल्या प्रत्येक माणसाची बदली आणि बढती मला त्या माणसाच्या आधी समजलेली आहे. मी कधी कुणाला आगाऊ सांगितलं नाही. फार तर त्या दिवशी त्याला चहा पाजला असेल. लोक पुढेपुढे माझा चहा नको म्हणू लागले, तो भाग वेगळा.

तर अशा माझ्याच हातून माझ्याच मुळावर येणाऱ्या परिपत्रकाची आवक झाली. शिक्का मारून झाल्यावर मी ते वाचलं. सर्व कर्मचाऱ्यांनी महिनाअखेरीस संगणकावरच्या ऑफिस-संचाची परीक्षा द्यायची होती. संच म्हणजे पत्रं लिहायचा एक भाग, तक्ते करायचा एक आणि भिंतीवर चित्रं दाखवायचा एक. जे नापास होतील त्यांना जुन्या अभिलेखांच्या विभागात पाठवण्यात येणार होतं. आमचे जुने अभिलेख तळघरात आहेत. तिथे भर दुपारी ट्यूबलाइट लागते आणि तिथला एकुलता एक कर्मचारी जिन्यावर पाऊल वाजलं तरी दचकून उभा राहतो. पूर्वी तो गाणी म्हणायचा, असं ऐकून आहे.

माझं टेबल खिडकीशी आहे. खिडकीतून बसथांबा दिसतो, समोरच्या शिंप्याचं दुकान दिसतं आणि एका झाडाचा अर्धा भाग दिसतो. उरलेला अर्धा साहेबांच्या खिडकीतून दिसतो. हे टेबल मिळायला मला अकरा वर्षं लागली आणि गेली वीस वर्षं मी ते सोडलेलं नाही. रजेवर असतानासुद्धा खुर्चीवर माझी पिशवी असते. ही खिडकी जाणार, हे मला सहन होणार नव्हतं, आणि हे कबूल करायला मला लाज वाटत नाही.

आता कुणी म्हणेल, मग शिकून घ्यायचं, त्यात काय. अडचण तिथेच होती. ऑफिसात मला नियमकाका म्हणतात. कोणत्या रजेला कोणता फॉर्म, तो किती प्रतींत द्यायचा, सही कुठे करायची आणि कुठे चुकूनही करायची नाही, हे सगळे मला विचारतात. एकतीस वर्षं मी उत्तरं देतो आहे. त्या माणसाने उठून दुसऱ्याच्या टेबलापाशी जायचं आणि विचारायचं की अक्षर मोठं कसं करतात? शेजारच्या टेबलावर टंकलेखक बाई बसतात. नऊ वर्षं आमच्यामध्ये एक फायलींचं कपाट आणि अत्यंत सभ्य असं मौन आहे. त्यांना सगळं येतं. म्हणूनच त्यांना विचारणं शक्य नव्हतं.

शेजाऱ्यांना मात्र काही विचारावं लागत नाही. वरच्या मजल्यावरचे निवृत्त प्राचार्य स्वतःहून आले आणि म्हणाले की आधी संगणकाचा इतिहास समजून घ्या. दीड तास ते बोलले. तरी त्यांच्या इतिहासातला संगणक अजून एका खोलीएवढाच होता आणि त्यांचा दुसरा चहा संपला होता. शेजारच्या वहिनींच्या दिरांची मान संगणकापायी आखडली होती, म्हणून त्यांनी मला एक उशी दिली. खालच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांचा सल्ला सगळ्यात थोडक्यात होता. जे बटण माहीत नाही ते दाबायचं नाही. हा सल्ला मला मनापासून पटला आणि मी तो चार दिवस तंतोतंत पाळला. मला एकही बटण माहीत नसल्यामुळे त्या चार दिवसांत माझ्याकडून एकही चूक झाली नाही.

घरातली मदत आणखी अवघड. बायको शिक्षिका आहे. हीच परीक्षा तिने शाळेतर्फे दोन वर्षांपूर्वी दिली होती. ते प्रमाणपत्र तिने भिंतीवर लावलं नाही, टेबलक्लॉथच्या खणात ठेवलं. त्यामुळे मला ते जास्तच दिसतं. ती म्हणाली की मी शिकवणार नाही, मला घरात शांतता हवी आहे. मुलगी रविवारी आली आणि शिकवायला बसली. तिने माउस हातात घेतला, पाच-सहा वेळा टकटक केलं, आणि "झालं, कळलं?" असं विचारून तो परत माझ्याकडे दिला. मी कळलं म्हणालो. मुलांशी खोटं बोलू नये असं म्हणतात, पण मुलं इतकी घाईत असतात की खरं बोलायला वेळ मिळत नाही.

मग एका सकाळी फडक्याने माझं काम केलं. ऑफिसात आल्याआल्या मी माझं टेबल माझ्या घरच्या पिवळ्या फडक्याने पुसतो. शिपायाच्या फडक्यावर माझा विश्वास नाही. त्या दिवशी कीबोर्ड जरा जोरात पुसला गेला आणि वरच्या ओळीतलं एफ वन नावाचं बटण दाबलं गेलं. पडद्याच्या उजव्या बाजूला एक पट्टी उघडली. त्यावर लिहिलं होतं, 'आम्ही आपली काय मदत करू शकतो?'

मी फडकं खाली ठेवलं. एकतीस वर्षं सरकारी-निमसरकारी इमारतींत वावरलो, पण हे वाक्य मला कुठल्याच खिडकीवर ऐकू आलं नव्हतं. आमच्या चौकशीच्या खिडकीवरचा माणूस मान वर न करता "काय आहे?" म्हणतो, आणि तो आमच्याकडचा नम्र माणूस समजला जातो. खरं सांगतो, मला बरं वाटलं. विचारायचं होतं आणि कुणाला कळणार नव्हतं, दोन्ही एकदमच साधलं होतं.

खाली प्रश्न लिहायला एक चौकट होती. मी एका बोटाने, शब्द न् शब्द पुटपुटत, पण रीतसर लिहिलं. 'महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून सविनय कळवण्यात येते की, निम्नस्वाक्षरीकारास पत्राच्या डाव्या बाजूचा समास वाढवावयाचा असून त्याबाबतची कार्यपद्धती कळवण्याची कृपा व्हावी.' यंत्राने उत्तर दिलं की काहीही आढळलं नाही. संदर्भ क्रमांक घातला नसल्याचं माझ्या लक्षात आलं. तो घातला. तरी काही आढळेना. मग दिनांक घातला. पाऊण तास हा पत्रव्यवहार चालला.

तेव्हा कपाटापलीकडून टंकलेखक बाईंचा आवाज आला. "दोनच शब्द लिहा. 'समास वाढवणे' एवढंच." त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. मी खिडकीकडे पाहत राहिलो, म्हणजे मला ऐकू आलं नाही असं वाटावं. दहा मिनिटांनी, त्यांचा काही संबंध नाही अशा रीतीने, मी दोन शब्द लिहिले. पान उघडलं.

आणि पान काय होतं म्हणून सांगू. आधी हे करा, मग ते करा, मग अमुक दिसेल, ते दिसलं नाही तर घाबरू नका. रजेचा फॉर्म मी जसा समजावून सांगतो अगदी तसंच. आत कुणीतरी माझ्याच वयाचा, माझ्याच शिस्तीचा माणूस बसलेला आहे, याची मला खात्री पटली. मी समास वाढवला. मग कमी केला. मग पुन्हा वाढवला आणि डबा खायला गेलो.

परत येऊन पान शेवटपर्यंत वाचलं, आणि सगळा घोळ तिथून सुरू झाला. पानाच्या तळाशी एक प्रश्न होता. 'ही माहिती आपल्याला उपयुक्त वाटली का?' आणि खाली दोन चौकोन, होय आणि नाही.

तुम्ही म्हणाल, दाबायचं एक. पण हे ऑफिसचं यंत्र, ऑफिसची वेळ आणि ऑफिसचं टेबल. म्हणजे विचारणा ऑफिसकडे झालेली होती. आणि आमच्याकडे बाहेरच्या कुणाला मत कळवायचं तर वरिष्ठांची मंजुरी लागते. हा नियम सगळ्यांना मीच सांगत आलो आहे. एकतीस वर्षांत मी कुठल्याही कागदावर होय किंवा नाही असं लिहिलेलं नाही. मी 'आदेशार्थ सादर' लिहितो. तेव्हा मी पान छापून घेतलं, त्याला फाइल लावली आणि टिपणी लिहिली. 'सोबतचे पान कृपया पाहावे. सदर पानाच्या शेवटी ते उपयुक्त वाटले किंवा कसे, अशी विचारणा करण्यात आली आहे. कार्यालयाच्या वतीने होय अथवा नाही कळवण्याबाबत आदेश व्हावेत. अभिप्रायार्थ सादर.'

आमचे अधीक्षक विचारी गृहस्थ आहेत. त्यांनी फाइलवर 'चर्चा करावी' असं लिहिलं आणि मला बोलावलं. विचारणा कोण करतंय, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, यंत्र. यंत्र कुणाचं, तर आपलंच. म्हणजे आपलंच कार्यालय आपल्याच कार्यालयाला विचारतंय, असं ते म्हणाले आणि बराच वेळ पंख्याकडे बघत बसले. शेवटी त्यांनी तांत्रिक विभागाचं मत घ्यायला सांगितलं. तांत्रिक विभाग पलीकडच्या इमारतीत आहे. फाइल तिकडे गेली आणि तिथून, मत न देताच, साहेबांकडे गेली.

इकडे माझा अभ्यास थांबवून चालणार नव्हतं. मी परिच्छेद शिकलो, पानांना क्रमांक घालायला शिकलो. प्रत्येक पानाच्या शेवटी तोच प्रश्न होता. प्रत्येकाची मी तीन प्रतींत वेगळी फाइल केली, एक प्रत माझ्यापाशी ठेवून, कारण एक पान उपयुक्त असेल आणि दुसरं नसेल, सगळ्यांना एकाच दोरीने कसं बांधणार? मुख्य म्हणजे ज्या प्रश्नाचं उत्तर गेलेलं नाही ते पान मी बंद करत नव्हतो. प्रलंबित प्रकरण बंद करायचं नसतं. आठवड्याभरात माझ्या पडद्यावर चौतीस पानं उघडी होती. यंत्र तापलं, चहाच्या किटलीसारखं खदखदू लागलं, आणि परीक्षेला दहा दिवस राहिले असताना गोठून बसलं.

दुरुस्तीवाला आला. पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस. त्याने पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"ही पानं बंद का नाही करत?"

"ती प्रलंबित आहेत."

"कुणाकडे?"

"साहेबांकडे."

त्याने यंत्राच्या वायरी काढल्या, त्याला एखाद्या पेशंटसारखं ट्रॉलीवर घातलं आणि घेऊन गेला. यंत्र थेट परीक्षेच्या आदल्या दिवशी मिळेल असं समजलं.

त्याच दुपारी भांडारपालाचा कागद आला. आवक-जावक विभागाने पंधरा दिवसांत सहा महिन्यांचा छपाईचा कागद वापरला, याचा खुलासा व्हावा. मी तोही आवक केला आणि खुलासा दिला की ही पानं म्हणजे चालू प्रकरणांतला पुरावा आहे. खुलासा मान्य झाला, पण कागद बंद झाला. माझ्या फायली तक्त्यांपर्यंत आल्या होत्या, त्या तिथेच थांबल्या.

मग मी घरी एका पुठ्ठ्यावर कीबोर्ड काढला. पट्टीने, दोन रंगांत. संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर फाइल उघडायची आणि पुठ्ठ्यावर बोटं दाबायची असा क्रम सुरू केला. प्राचार्य येऊन बघून गेले आणि ही पद्धत मूलगामी आहे असं म्हणाले. तिसऱ्या दिवशी बायकोने पुठ्ठा उचलला आणि मुलीचा जुना लॅपटॉप माझ्यासमोर ठेवला.

"खऱ्यावर दाबा," ती म्हणाली. "पुठ्ठ्याला चूक झालेली कळत नाही."

ती वह्या तपासत समोर बसून राहिली. मी अडलो की तिची लाल पेन्सिल थांबायची, मला सापडलं की पुढे चालू व्हायची. तिथेही पानाच्या शेवटी तो प्रश्न यायचा, पण घरात अभिप्राय देण्याचा अधिकार कुणाला आहे हे मी सांगायची गरज नाही. मी पान तसंच ठेवायचो आणि झोपण्यापूर्वी ती ते बंद करायची.

ऑफिसात मात्र एक गोष्ट घडली. माझ्याकडे फायली आहेत ही बातमी फुटली. आस्थापना विभागातले दोघे आले आणि सहज विचारल्यासारखं समासाचं पान मागून घेऊन गेले. मग डबा खायच्या सुट्टीत अधीक्षक स्वतः आले, दार लोटून घेतलं, आणि क्रमांक घालायचं पान दोन तासांसाठी मिळेल का म्हणाले. मी पानं दिली. अर्थात वहीत सही घेऊन. यंत्र नसलेला मी अख्ख्या इमारतीला यंत्र शिकवत होतो, आणि खिडकीतलं अर्धं झाड मला बऱ्याच दिवसांनी हिरवं दिसत होतं.

परीक्षा सभागृहात झाली. परीक्षक बाई बाहेरच्या प्रशिक्षण संस्थेतून आल्या होत्या. चाळिशीच्या, गळ्यात दोरीला चष्मा, आवाज शांत. तीन प्रश्न होते. पहिले दोन माझ्या फायलींत होते. तिसरा असा की एकच पत्र चाळीस जणांना जायचं आहे, प्रत्येकावर त्याचं नाव आणि पत्ता यायला हवा. हे पान माझ्या फाइलीत नव्हतं. कागद त्याच्या आधीच संपला होता आणि घरीही मी तिथवर पोहोचलो नव्हतो. आयुष्यभर मी अशी पत्रं पाठवली. मजकूर एकदा छापायचा आणि चाळीस नावं स्वतःच्या हाताने लिहायची. माझं अक्षर चांगलं आहे. पण चांगल्या अक्षराने तळघराचा जिना टळत नाही.

बोट एफ वनवर गेलं आणि थांबलं. परीक्षेत मदत पाहायची की नाही? सूचनांमध्ये परवानगी नव्हती आणि मनाईही नव्हती. अशा वेळी काय करायचं हे मी शेकडो लोकांना सांगितलं आहे. मी कोरा कागद घेतला आणि अर्ज लिहिला. विषय, संदर्भ, मजकूर, आपला विश्वासू. चांगल्या अक्षरात. त्यात अकरा मिनिटं गेली. मग उठून तो परीक्षक बाईंना दिला.

त्यांनी चष्मा लावून अर्ज पूर्ण वाचला. एवढं लक्ष देऊन माझा अर्ज आजवर कुणी वाचला नव्हता.

"काका, याला परवानगी कशाला हवी?" त्या म्हणाल्या. "ती मदत त्यात घालून ठेवलीय ती तुमच्यासाठीच."

सभागृहातल्या सगळ्या माना वर झाल्या. मागच्या रांगेतून अधीक्षकांनी हळूच विचारलं की ते बटण नेमकं कुठलं. मी परीक्षक बाईंकडे पाहिलं. त्या खिडकीबाहेर बघत होत्या. "वरची ओळ, डावीकडून दुसरं," मी म्हणालो. तीस-बत्तीस बोटं एकदम खाली आल्याचा आवाज आला.

मी दोनच शब्द लिहिले, 'अनेकांना पत्र'. पान उघडलं. आधी हे करा, मग ते करा. मी यादी जोडली, नावाची जागा सांगितली, आणि शेवटचं बटण दाबल्यावर चाळीस पत्रं एकामागून एक उभी राहिली. प्रत्येकावर वेगळं नाव. मला खूप आनंद झाला आणि थोडं वाईटही वाटलं, कारण अशी किती नावं मी हाताने लिहिली होती ते आठवलं.

तीन मिनिटं उरली होती. पानाच्या तळाशी प्रश्न उभा होता. ही माहिती आपल्याला उपयुक्त वाटली का? माझ्या चौतीस फायली याच प्रश्नावर साहेबांकडे पडून होत्या. मी नियम आठवून पाहिला. मग माझ्या लक्षात आलं की प्रश्नात 'कार्यालयाला' असं कुठेच नव्हतं. 'आपल्याला' असं होतं. आणि एकतीस वर्षं मी या इमारतीत माहिती देतोय, पण ती उपयोगी पडली का, हे मला कधी कुणी सांगितलेलं नाही, असंही तेव्हाच मनात आलं. आत बसलेल्या त्या माझ्यासारख्या माणसालाही कुणी सांगत नसणार.

मी होय दाबलं. पडद्यावर आलं, 'अभिप्रायाबद्दल धन्यवाद.' मी पान बंद केलं.

निकाल आठ दिवसांनी आला आणि अर्थातच आधी माझ्याकडे आला. मी पास झालो होतो, एकसष्ट गुण. अधीक्षकांना चौसष्ट. त्यांच्या चौसष्टांतले निदान दहा माझे आहेत, हे मी कुणाला बोललो नाही. खिडकी राहिली. घरी सांगितलं तेव्हा बायकोने टेबलक्लॉथचा खण उघडला आणि तिचं प्रमाणपत्र जरा बाजूला सरकवून जागा केली.

त्याच आठवड्यात चौतीसही फायली साहेबांकडून परत आल्या. सगळ्यांवर एकच आदेश होता. 'असे अभिप्राय देण्याची या कार्यालयाची प्रथा नाही. होय अथवा नाही, काहीही कळवू नये. प्रकरण दप्तरी दाखल करावे.'

मी आदेश दोनदा वाचला. म्हणजे सबंध नोकरीतला माझा पहिलाच स्वतंत्र निर्णय बेकायदेशीर होता. समोरचा शिंपी शांतपणे कुणाची तरी बाही जोडत होता. मी फायलींवर 'पाहिले' असं लिहिलं, सही केली आणि त्या तळघरात पाठवायच्या गठ्ठ्यात ठेवल्या.

मग उठलो आणि कपाटाला वळसा घालून टंकलेखक बाईंच्या टेबलापाशी गेलो. नऊ वर्षांत पहिल्यांदाच. त्यांनी काम थांबवून वर पाहिलं. बहुधा माझ्या हातात चहा आहे का ते पाहिलं असावं.

"त्या दिवशी तुम्ही दोन शब्द लिहायला सांगितलंत ना," मी म्हणालो, "ते फार उपयोगी पडलं."

त्यांनी चष्मा काढून पुसला आणि परत लावला.

"वरून मंजुरी आली वाटतं?"

"नाही," मी म्हणालो. "वरून नकार आलाय. हे मी माझ्या अधिकारात सांगतोय."

त्या हसल्या आणि समोरची खुर्ची माझ्याकडे सरकवली. मी बसलो. तिथून बसथांबा दिसत नाही, पण झाड बरंचसं दिसतं.